परत घोड्यावर बसू दिलं नाही म्हणून

मला बघायला येणाऱ्या माणसांची आधी पंचाईतच व्हायची. शहाळं, मोसंबी घेऊन ती लालबागच्या आमच्या घराचा जिना चढून यायची आणि प्लास्टर कुठंय ते शोधत राहायची. पाय धड, हात धड, चेहऱ्यावर साधा ओरखडा नाही.

"घोड्यावरून पडलीस ना गं तू?" समोरच्या काकूंनी विचारलं.

"हो."

"मग लागलं कुठे?"

"डोक्याला."

त्यांनी माझ्या केसांकडे निरखून बघितलं. टाका नाही, पट्टी नाही. "बरं झालं बाई, थोडक्यात निभावलं," म्हणाल्या आणि मोठ्याने हसल्या. ते हसणं माझ्या कानातून शिरून डोळ्यांच्या मागे जाऊन आपटलं. मी उशीत तोंड खुपसलं. काकूंना वाटलं, सून माजोरी आहे.

बाहेरून न दिसणारं दुखणं कसं असतं, ते ज्यांना सोसावं लागतंय आणि ज्यांना त्यांच्या उशाशी बसावं लागतंय, त्या दोघांसाठी हे लिहिते आहे. आता मी बरी आहे. लिहिताना मधे थांबावं लागतं, एवढंच.

रेसला नाही हो

मी प्राण्यांची डॉक्टर. माझं माहेर गिरगावातलं. परळला शिकायला गेले तेव्हा एनसीसीत घोड्यावर बसायला शिकवायचे, तिथे ते वेड लागलं. पुढे दादरच्या एका दवाखान्यात कुत्र्यामांजरांना इंजेक्शनं देणं हा पोटाचा धंदा झाला, आणि पहाटे महालक्ष्मीला जाऊन दुसऱ्यांचे घोडे फिरवणं हा जिवाचा. लग्न होऊन लालबागला आले, तर गल्लीत वर्षभर बोलबाला होता की सावंतांची सून रेसला जाते. माझे सासरे, अण्णा, कुणाला काही समजावायच्या फंदात पडले नाहीत. फक्त एकदा मला म्हणाले, "जिंकलंस तर सांग गो."

मी करायचे ते इव्हेंटिंग. त्यात एकाच घोड्याला तीन परीक्षा असतात. पहिल्यांदा मैदानात शिस्तीने चालून दाखवायचं. मग रंगीत दांड्यांवरून उड्या. आणि मग क्रॉस-कंट्री, म्हणजे मोकळ्या माळावरून वेगात जायचं आणि वाटेतले ओंडके, चर, पाण्याचे खड्डे ओलांडायचे. दांड्यांना धक्का लागला तर दांडी पडते. ओंडक्याला लागला तर ओंडका पडत नाही. घोडा पडतो, आणि वाईट पडला तर स्वार त्याच्या खाली जातो. या खेळात जीव गेले आहेत, ते सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणून छातीला जाड कवच, त्यावर हवेचं जॅकेट, म्हणजे खोगिरापासून माणूस सुटला की दोरीला हिसका बसून भसकन फुगणारं. दंडावर रक्तगट लिहिलेली पट्टी. आणि हेल्मेट.

हे सगळं मी घातलं होतं. म्हणून आज लिहिते आहे.

मला न आठवणारी सकाळ

स्पर्धा पुण्याच्या पलीकडे होती, थंडी संपता संपता. माझ्याकडे दोन घोडे होते. सकाळी ढोल्या, दुपारी कस्तुरी. ढोल्या हा रेसमधून निवृत्त झालेला. कागदावर त्याचं मोठं इंग्रजी नाव होतं, पण पोटामुळे सगळे त्याला ढोल्या म्हणायचे. कस्तुरी तरुण, तिची पहिलीच मोठी स्पर्धा, आणि वर्षभर तिच्यावर मीच मेहनत घेतलेली.

आदल्या संध्याकाळी आम्ही सगळे स्वार अडथळे बघत माळावरून पायी फिरलो, ते मला आठवतं. त्यानंतरचं काहीच आठवत नाही. जे सांगते आहे ते फ्रेनी आंटीच्या तोंडून ऐकलेलं.

फ्रेनी आंटी दादरच्या पारशी कॉलनीत राहतात. साठी उलटलेली, घोड्यावर स्वतः कधी बसलेल्या नाहीत. मुलगा लहानपणी शिकायचा, तेव्हापासून स्पर्धांना मदत करायला येतात. प्रत्येक अडथळ्यापाशी एक माणूस बसवलेला असतो. घोडा नीट गेला की नाही ते लिहायचं, काही झालं तर शिट्टी मारून वॉकीटॉकीवर कळवायचं. त्या दिवशी उतारावरच्या ओंडक्यापाशी फ्रेनी आंटी होत्या, खुर्ची आणि छत्री घेऊन.

ढोल्या उताराला घसरला, उशिरा उडाला आणि त्याचे पुढचे पाय ओंडक्यावर आपटले. मी त्याच्या खांद्यावरून पुढे गेले. जॅकेट फुगलं. पण डोकं ओंडक्याच्या पलीकडच्या जमिनीवर आपटलं. ढोल्या सुदैवाने बाजूला पडला, माझ्यावर नाही, आणि लगेच उठला.

मीही उठले. फ्रेनी आंटी म्हणतात, उठू नकोस म्हणेपर्यंत मी उभी होते आणि हसत होते.

"ढोल्या कुठाय?" मी विचारलं.

"तो बघ. त्या पोरानी धरलाय. फर्स्ट क्लास आहे एकदम."

"लागलं नाही ना त्याला?"

"नाय."

मी कपडे झटकले, आणि विचारलं, "ढोल्या कुठाय?"

तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा फ्रेनी आंटींनी माझ्या जॅकेटचा बकल मुठीत धरला आणि दुसऱ्या हाताने वॉकीटॉकी तोंडाशी नेला. पडल्यावर त्या घोड्यापुरती स्पर्धा संपते, हा नियम मला पाठ होता. त्यावर मी वाद घातलाच नाही म्हणे. मी म्हणत होते, "मला जाऊ द्या. कस्तुरीला तयार करायचंय."

"डॉक्टरला येऊ दे."

"आंटी, मी बरी आहे. मी स्वतः डॉक्टर आहे."

"कुत्र्याची."

"तुम्ही विचारा मला काहीही."

"हा जंप कितवा आहे सांग."

मी सांगितलं, आणि ते बरोबर होतं.

"बरोबर बोललीस," फ्रेनी आंटी म्हणाल्या. "तरी पण नाय सोडणार."

मैदानावरची डॉक्टर पोरसवदा मुलगी होती. तिने माझ्या डोळ्यांत बॅटरी मारली आणि वर्षाचे महिने उलटे म्हणायला सांगितले. मी झोकात सुरुवात केली. डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर. आणि थांबून तिच्याकडे बघितलं, शाबासकी मिळेल म्हणून.

"मॅडम, आज तुम्ही घोड्यावर बसणार नाही," ती म्हणाली. "आत्ता ॲम्ब्युलन्समध्ये बसणार आहात."

मी तिला खूप बोलले. रडले. कस्तुरीचं नुकसान कोण भरून देणार, असं ओरडले. एवढ्या सगळ्या लोकांपुढे, माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान असलेल्या त्या मुलीचा आवाज जरासुद्धा चढला नाही. मला उलटी झाली ती ॲम्ब्युलन्सचं दार लागल्यावर.

रिपोर्ट

मला पहिल्यांदा आठवतात ते फ्रेनी आंटीचे बूट. लाल मातीने भरलेले, माझ्या स्ट्रेचरच्या बाजूला. मग एकदम मंदारचा चेहरा. मंदार माझा नवरा, माझगावला गोदीत जहाजांच्या दुरुस्तीवर असतो. कामाच्या निळ्या कपड्यांतच तो पुण्याच्या पलीकडे आला होता.

तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, कवटी आणि मेंदूच्या मध्ये रक्त साचलंय. थोडं आहे. आत्ता उघडायची गरज नाही, पण वाढलं तर वेळ काढता येणार नाही. मी हे ऐकत होते, पण शेजारच्या खाटेवरच्या बाईबद्दल बोलताहेत असं वाटत होतं. मंदारने विचारलं, "ती दुपारी परत घोड्यावर बसणार होती. बसली असती तर?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "दुसऱ्यांदा पडली नसती तर कदाचित काही झालं नसतं. पुन्हा आपटली असती तर आज तुमच्याशी वेगळं बोलावं लागलं असतं."

मंदारने मान हलवली. 

"नाव काय तुमचं?"

दोन दिवसांनी मला परळच्या रुग्णालयात हलवलं. तिथे दिवस प्रश्नांवरून मोजले जायचे. नाव काय, कुठे आहात, महिना कोणता, माझा हात घट्ट धरा, पाय वर करा. थोड्या वेळाने पुन्हा तेच. पहिल्या दिवशी मी चिडले. नंतर लक्षात आलं, प्रश्न विचारणाऱ्यालाही कंटाळा येतो, तरी तो विचारतो आहे.

दिवसपाळीच्या सिस्टर वैती वरळी कोळीवाड्याच्या. ठसठशीत, भरभर चालणाऱ्या, पण माझ्या खाटेपाशी आल्या की पाय न वाजवणाऱ्या. डोक्यावरच्या ट्यूबलाइटने माझ्या डोळ्यांत सुया घुसायच्या. मी काही बोलले नव्हते, फक्त सारखा हात आडवा धरत होते. त्यांनी स्टूल ओढलं, वर चढल्या आणि औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा चिकटपट्टीने ट्यूबला लावला.

"साहेब ओरडले तर सांगा, आपोआप झालं," म्हणाल्या.

एका सकाळी त्यांनी नेहमीचे प्रश्न संपवून गप्पांच्या सुरात विचारलं, "मुलगी आहे ना तुम्हाला? नाव काय तिचं?"

मला मुलगी दिसत होती. सहा वर्षांची, पुढचा दात पडलेली, उजवी वेणी कायम सुटलेली. तिच्या दप्तरावरचं चित्र दिसत होतं. तिच्या मानेचा वास आठवत होता. नाव नव्हतं. नावाची जागा होती, तिथे हात घातला तर काहीच लागत नव्हतं.

आजवर मी घोड्यावर, पाण्यात, वीज गेलेल्या लिफ्टमध्येही घाबरले आहे. अशी कधी घाबरले नव्हते. मी सिस्टरांचा हात पकडला. त्यांचा चेहरा बदलला नाही. डॉक्टरांना बोलवायला त्यांनी वॉर्डबॉय मामांना खुणेने पाठवलं आणि स्वतः माझ्याजवळच बसल्या.

"गेलं नाय ते," म्हणाल्या. "बाजारात पोराचा हात सुटतो ना, तसं झालंय. पोर तिथंच असतं जवळपास. आपण ओरडत सुटलो तर ते पण घाबरतं. गप बसायचं जरा."

डॉक्टरांनी पुन्हा स्कॅन काढला. रक्त वाढलेलं नव्हतं. हे असं होतं म्हणाले, सुजलेला मेंदू दमतो. जेवणाच्या वेळी, वरणभाताचा घास तोंडात असताना, ते नाव आपलं आपण आलं. "ईरा!" मी अशी ओरडले की आख्खा वॉर्ड वळून बघायला लागला. सिस्टर वैती लांबून हसल्या आणि त्यांनी नुसता अंगठा वर केला.

घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "मेंदूला पगारी रजा द्यायची. मोबाइल नाही, टीव्ही नाही, वाचन नाही, गोंगाट नाही."

"राहता कुठे?" त्यांनी विचारलं.

"लालबागला," मंदार म्हणाला.

डॉक्टरांनी भुवया उंचावल्या. 

डंख

आमच्या घराखाली अण्णांचा मसाला कांडायचा डंख आहे. त्यांच्या वडिलांनी गिरणीतून बाहेर पडल्यावर टाकलेला. लोखंडी मुसळं एकामागून एक उचलली जातात आणि मिरच्यांवर आदळतात. उन्हाळ्यात दूरदूरच्या बायका बेडगी, लवंगी, धणे, खोबरं घेऊन येतात, आपला मसाला समोर कुटून घेतात, आणि आमच्या घराची जमीन दिवसभर थरथरत असते. लग्नाच्या पहिल्या उन्हाळ्यात मला वाटलं, मी इथे वेडी होणार. नंतर ऐकूही येईनासं झालं.

आता ऐकू यायला लागलं. प्रत्येक घाव कवटीच्या आतून. त्यात मिरचीचा खकाणा. शिंक आली की डोळ्यांपुढे पांढरं व्हायचं. गिरगावहून माझी आई माझं करायला आली होती. व्याह्यांच्या घरी राहायचा संकोच गिळून ती ओल्या पंच्याने खिडकीच्या फटी बंद करायची.

मी वाईट वागले त्या दिवसांत. आईवर ओरडले, भांडं वाजलं म्हणून. ईरा चमच्याने वाटी वाजवत होती, तिच्या हातून मी वाटी हिसकावून भिंतीवर मारली. ती रडली नाही. त्या दिवसापासून कुजबुजत बोलायला लागली आणि घरात चवड्यांवर चालायला लागली. आठवड्याभराने शाळेतून मंदारला बोलावणं आलं. बाई विचारत होत्या, ईरा वर्गात कुजबुजत का बोलते, घशाला काही झालंय का?

हे ऐकून पडल्याबद्दल मी पहिल्यांदा रडले.

संध्याकाळी अण्णा दारात उभे राहिले. ते सहसा माझ्या खोलीत येत नसत. "आवाज येता काय गो वर?"

"थोडा," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी डंख सुरू झाला नाही. मला वाटलं, लाइट गेली असेल. दुपारपर्यंतही नाही. जमीन हलत नव्हती. कावळ्याचा आवाज ऐकू आला, खाली कुणीतरी केळीवाल्याशी घासाघीस करत होतं ती ऐकू आली, आणि मी आजारी पडल्यापासून पहिल्यांदा दिवसाची शांत झोपले.

आईने सांगितलं तेव्हा कळलं. अण्णांनी गिऱ्हाइकांची पोती हातगाडीवर घालून पुढच्या गल्लीतल्या डंखावर नेली होती. त्या डंखाच्या मालकाशी अण्णांचं कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. जुनं काहीतरी भांडण, कुणालाच धड ठाऊक नाही. ऐन मोसमात, ज्याचं तोंड बघत नव्हते त्याच्या दारात अण्णा स्टूल टाकून बसले होते, आपल्या गिऱ्हाइकांचा मसाला नीट कुटला जातोय ना ते बघत.

रात्री जेवताना मी म्हटलं, "अण्णा, माझ्यामुळे तुम्हाला—"

"माका काय झाला?" ते ताटातून मान वर न करता म्हणाले. "थंय बसान चाय तरी फुकट गावता."

पावसाळा तोंडावर येईपर्यंत आमचा डंख बंद होता. त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही आणि मलाही काढू दिला नाही.

मंदारचा राग

मंदार माझं सगळं करत होता. केस विंचरायचा, औषधं द्यायचा, ईराचा डबा भरायचा. पण माझ्या डोळ्यांत बघत नव्हता. मला वाटलं, मी पडले म्हणून तो चिडलाय. आता घोडा बंद म्हणून सांगेल, आणि मला भांडायचंही त्राण नाही.

एका संध्याकाळी तो माझ्या पायांना तेल लावत होता. मी म्हटलं, "बोल ना. एकदाचं बोलून टाक."

"काय बोलू?"

"मी पडले म्हणून."

"पडलीस त्याचं काही नाही," तो म्हणाला. "पडायचा खेळ आहे, मला लग्नाआधीपासून माहितीये. तू परत बसायला निघाली होतीस. फ्रेनी आंटींनी सांगितलं मला. ईरा आहे, मी आहे, आणि तू कस्तुरी-कस्तुरी करत होतीस."

"मला आठवत नाही रे."

"तेच तर. तुला आठवत नाही, आणि मला विसरता येत नाही."

 ते बोलणं मेंदूला मार लागलेल्या बाईचं होतं, असं म्हणता आलं असतं. डॉक्टरही तेच म्हणाले असते. पण मला खरं ते बोलायचं होतं. घोड्यावर बसायला शिकताना पहिला धडा हाच मिळतो, पडलात की लगेच परत बसा, नाहीतर भीती बसेल. मीही नव्या पोरांना हेच सांगत आले. शुद्धीवर असते तरी कदाचित मी कस्तुरीकडेच गेले असते. मी त्याला तसं सांगितलं.

त्याचा हात थांबला. मग त्याने पुन्हा तेल घेतलं. "खोटं बोलली असतीस तर जास्त राग आला असता," म्हणाला. पण त्या दिवसापासून तो माझ्याकडे बघायला लागला.

फ्रेनी आंटी नंतरच्या रविवारी कस्टर्ड घेऊन आल्या. आईने त्यांना चहा केला. अण्णा गंजीवरच बसले होते ते सदरा घालून आले. मंदारने त्यांना विचारलं, "आंटी, ती जंपचा नंबर बरोबर सांगत होती. मग तुम्हाला कसं कळलं?"

"मला काय पण कळलं नाय," फ्रेनी आंटी म्हणाल्या. "सकाळी मीटिंगला सांगितलं होतं, पडला तर डॉक्टर बघेपर्यंत घोड्यावर बसवायचं नाय. कोण पण असू दे. मी बसवलं नाय. एवढंच काम होतं माझं, डिकरा. ते पण नाय करणार तर खुर्चीवर बसून काय करणार?"

अण्णांनी कस्टर्डचा दुसरा वाडगा घेतला. "बायमाणूस खमकी असा," ते नंतर मला म्हणाले. त्यांच्या तोंडी याहून मोठी स्तुती मी ऐकलेली नाही.

हळूहळू

बरं होणं सरळ रेषेत झालं नाही. एक दिवस बरा जायचा, मी उत्साहाने गच्चीवर जाऊन यायचे आणि पुढचे दोन दिवस आडवी. पुस्तकाचं एक पान, मग दोन. माटुंग्याच्या बाजारात गेले आणि गर्दीत, फुलांच्या वासात, हॉर्नमध्ये एवढी चक्कर आली की एका दुकानदाराने आत बसवून पाणी दिलं. दवाखान्यात परत गेले तेव्हा पहिल्या दिवशी तासाभरात घरी आले. कुत्रे भुंकतात, त्यांचा काय दोष?

ईराचा आवाज परत यायला माझ्यापेक्षा जास्त दिवस लागले. एकदा ती गॅलरीतून खालच्या मैत्रिणीला बेंबीच्या देठापासून ओरडली आणि मग घाबरून माझ्याकडे बघायला लागली. माझं डोकं ठणकलं. मी टाळ्या वाजवल्या.

कुणाला उपयोग झाला तर म्हणून दोन गोष्टी सांगते. डोक्याला मार लागल्यावर आपण बरे आहोत की नाही, हे ठरवायचं काम आपलं नसतं. ठरवणारं डोकंच जायबंदी असतं. ते काम शेजारच्याला द्या, आणि तुम्ही शेजारी असाल तर दोस्ती तुटली तरी चालेल, पण अडवा. दुसरं, एकदा आपटलेलं हेल्मेट बाहेरून कितीही चांगलं दिसलं तरी फेकून द्या. माझं बाहेरून चकचकीत होतं. आतला थर उभा चिरला होता. तो चिरला म्हणून मी वाचले.

त्या मैदानावरच्या डॉक्टर मुलीचं नाव मला बऱ्याच खटपटीनंतर मिळालं. मी तिला फोन केला. काय बोलायचं ते घोकून ठेवलं होतं, तरी ऐनवेळी एवढंच म्हणाले, "मी तुम्हाला त्या दिवशी खूप बोलले म्हणे."

ती हसली. "पेशंट भांडतोय म्हणजे श्वास चालू आहे, मॅडम."

महालक्ष्मीची सकाळ

दिवाळीच्या आधी डॉक्टरांनी परवानगी दिली. बसा, पण घोडा चालीवरच ठेवा. उड्यांचं पुढच्या वर्षी बघू. क्रॉस-कंट्रीचं मीही अजून ठरवलेलं नाही. ठरवायची घाई नाही, हे मला या वर्षाने शिकवलं. कस्तुरीवर आता एक तरुण मुलगी बसते, आणि छान बसते.

मी निघाले तेव्हा मंदार म्हणाला, "मी येतो."

इतक्या वर्षांत तो कधी आला नव्हता. गवतावर दव होतं, पलीकडच्या उंच इमारतींच्या काचांवर ऊन येऊ लागलं होतं. मी एका म्हाताऱ्या, शांत घोडीवर बसून रिंगणात थोडी फिरले. अंग सगळं विसरलं असेल अशी भीती होती. अंगाला सगळं आठवत होतं. उतरले तेव्हा मंदार कठड्याला दोन्ही हातांनी धरून उभा होता.

"मला बसव," तो म्हणाला.

"तुला?"

"तू असं काय बघतेस? जहाजाच्या शिडीवर चढतो मी रोज."

मी त्याला हेल्मेट घातलं, पट्टा हनुवटीखाली घट्ट केला, बोट घालून पुन्हा तपासला. घोड्यांची निगा राखणाऱ्या सईसाने त्याला उचलून वर दिलं. मी घोडीची दोरी हातात घेतली आणि चालू लागले.

"बापरे," वरून आवाज आला. "एवढं उंच असतं?"

"खाली बघू नकोस. तिच्या कानांच्या मधून समोर बघ."

एक फेरी झाली. त्याचे खांदे सैल पडले. तो हसायला लागला, लहान मुलासारखा, कारण नसताना. मी मात्र त्याच्याकडे बघूच शकत नव्हते. माझं लक्ष घोडीच्या पावलांवर होतं, तिच्या कानांवर, गवतात पडलेल्या एका प्लास्टिकच्या पिशवीवर, जिला ती बुजली तर काय होईल त्यावर.  इतकी वर्षं मी वर होते. खाली उभं राहून आपल्या माणसाकडे बघणं काय असतं, ते मला त्या सकाळी कळलं.

"मस्त आहे गं हे," मंदार म्हणाला. "जरा पळव ना."

"आज नाही," मी म्हटलं, आणि दोरी आखूड धरली.